क्षमा केली म्हणजे परत नांदायला जायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बहीण नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दोन मुलांना घेऊन माहेरी आली आहे. पाळक आणि मंडळीचे पंच म्हणतात, साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची असते, दुष्टाला अडवू नका असं प्रभूने सांगितलंय. म्हणून पोलिसांत जाऊ नका, रविवारी उपासनेनंतर दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवू. भावाला मात्र वाटतंय की चार मित्र घेऊन जावं आणि मेहुण्याला चांगलं चोपून काढावं. ख्रिस्ती माणसाने यातलं काय करावं?

दोन्ही करू नये. चोपणं हा सूड आहे आणि तो आपल्याला मना आहे. समोरासमोर बसवून हात हातात देणं याला पंच क्षमा म्हणत असले, तरी पवित्र शास्त्रात क्षमेच्या नावाखाली असं काही सांगितलेलं नाही. क्षमा एकटी बहीण करू शकते, नवरा कसाही वागो. समेटाला दोघं लागतात, आणि त्यातल्या मारणाऱ्याने आधी बदललेलं असावं लागतं. एकत्र राहायला तर त्याहूनही जास्त लागतं. या तीन गोष्टींची एकच मोट बांधली की बाईचा जीव जातो, आणि ते प्रभूच्या नावाने घडतं.

आधी ‘एका गालावर मारलं तर दुसराही पुढे कर’ हे वचन घेऊ, कारण पंच त्यावरच बोट ठेवणार. मत्तय ५:३८ ते ४२ सलग वाचा. ‘डोळ्याबद्दल डोळा’ हा निर्गम २१ मधला नियम सुडाला मर्यादा घालणारा होता: एका डोळ्याबद्दल एकच, जास्त नाही. येशू सांगतो की ज्याचं नुकसान झालंय त्याने तेवढाही सूड उगवू नये. मग तो उदाहरणं देतो: उजव्या गालावर बसलेली चपराक, अंगरख्यासाठी गुदरलेली फिर्याद, सक्तीने चालायला लावलेला एक मैल. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर हात उलटा पडतो. ती पाणउताऱ्याची चपराक. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात साध्या थपडेला २०० झूझ (चांदीची नाणी) दंड आहे आणि उलट्या हाताच्या थपडेला ४००, कारण तिथे जखमेपेक्षा अपमान मोठा धरलाय. दुसरा गाल पुढे केला की मारणाऱ्याला समोरच्याला बरोबरीचा मानावं लागतं, असा अर्थ काही अभ्यासक काढतात. तो मनाला भिडतो, पण मत्तय तसं स्पष्ट म्हणत नाही, म्हणून सगळा भार त्यावर टाकू नका. एवढं मात्र नक्की की यातलं एकही उदाहरण जिवावर बेतणाऱ्या हल्ल्याचं नाही, आणि प्रत्येकात माणूस स्वतःचा हक्क सोडतोय. स्वतःचा गाल पुढे करा असं येशूने सांगितलं. दुसऱ्याचा गाल पुढे करा असं त्याने कुठेही सांगितलेलं नाही, आणि रविवारी पंच नेमकं तेच करायला निघाले आहेत.

हे वचन कसं पाळायचं ते येशूच्याच वागण्यातून कळतं. योहान १८ मध्ये प्रमुख याजकाच्या चौकशीत एक शिपाई त्याला चपराक मारतो. येशू उलट मारत नाही, गप्पही बसत नाही. तो त्या माणसाला तोंडावर विचारतो: मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? अन्याय भर सभेत बोलून दाखवला, तरी हात उचलला नाही. नासरेथात लोक त्याला कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:३०). शिष्यांना त्याने सांगितलं की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळा (मत्तय १०:२३). वधस्तंभाकडे तो गेला तो स्वतःहून. माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो, असं तो योहान १० मध्ये म्हणतो. कोणी तुमच्या बहिणीला सक्तीने घरी पाठवून त्याला ‘वधस्तंभ उचलणं’ म्हणत असेल तर त्याला हा अध्याय उघडून दाखवा.

पोलिसांकडे जाणं अविश्वास आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी प्रेषितांची कृत्ये २३ पुरेसं आहे. पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही अशी चाळीसहून जास्त माणसांनी शपथ घेतली. ही बातमी पौलाच्या बहिणीच्या मुलाला लागली. त्याने ती पौलाला सांगितली आणि पौलाने त्याला लगेच रोमी सरदाराकडे पाठवलं. सरदाराने २०० शिपाई, ७० घोडेस्वार आणि २०० भालाईत देऊन रातोरात पौलाला बाहेर काढलं. हाच पौल रोमकरांस १२ मध्ये लिहितो की सूड घेऊ नका, आणि पुढच्याच अध्यायात अधिकाऱ्याला वाईट करणाऱ्याला शासन करणारा देवाचा सेवक म्हणतो. त्याच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं. सूड माझ्या हातात नाही, म्हणून तर दाद मागायला जागा ठेवलेली आहे.

इथे कोणी १ करिंथकर ६ काढेल: भावाने भावावर फिर्याद करू नये. तो भाग रोजच्या व्यवहारातल्या, पैशाअडक्याच्या दाव्यांबद्दल आहे. तिथे पौल म्हणतो, त्यापेक्षा तोटा सोसा. मार खा असं तो म्हणत नाही. त्याच्या आधीच्याच अध्यायात उघड पाप करणाऱ्याला मंडळीबाहेर काढायला सांगितलंय. १ पेत्र ३ चंही तसंच. ‘पतीच्या अधीन असा’ हे वाचताना सातव्या ओवीपर्यंत जायचं असतं: पतीने पत्नीला मान दिला नाही तर त्याच्या प्रार्थनेत अडथळा येतो. ज्याने घरात हात उचललाय, त्याला त्या रविवारी उपासनेत प्रार्थना चालवायला लावू नये, हा या ओवीचा साधा अर्थ.

आता साताच्या सत्तर वेळा. मत्तय १८ हा अध्याय तुकड्यातुकड्याने ऐकवला जातो आणि घोळ तिथेच होतो. सहाव्या ओवीत लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायची गोष्ट आहे. पुढे कळपातून चुकलेल्या एका मेंढरासाठी नव्याण्णव सोडून जाणारा मेंढपाळ आहे. मग पंधरा ते सतरामध्ये अपराध करणाऱ्याशी कसं वागायचं याच्या पायऱ्या आहेत: एकांतात, मग दोघातिघांसह, मग मंडळीपुढे, आणि नाहीच ऐकलं तर तो परका. एवढं सगळं झाल्यावर एकविसाव्या ओवीत पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू? क्षमेची आज्ञा या चौकटीतली आहे. लूक १७:३ तर एका दमात सांगतो: भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दोष दाखवण्याची पायरी गाळून थेट शेवटच्या पायरीवर नेणारी मंडळी निम्मंच वचन पाळते.

तो आकडाही जुना आहे, आणि तुम्हाला भाऊ म्हणून त्याचं विशेष काम आहे. उत्पत्ती ४ मध्ये काइनाच्या वंशातला लामेख बढाई मारतो की मला जखम केली म्हणून मी माणूस मारला. काइनाचा सूड सातपट तर माझा सत्त्याहत्तरपट, असं तो म्हणतो. येशूच्या उत्तरामागे ही बढाई आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. न थांबणाऱ्या सुडाच्या जागी तो न थांबणारी क्षमा ठेवतो. चार मित्र घेऊन निघालेला भाऊ लामेखाच्या वाटेवर असतो. व्यवहारातही ते महागात पडतं: मेहुणा तुमच्यावर उलट तक्रार करतो, प्रकरण ‘दोन घरांची मारामारी’ म्हणून नोंदलं जातं, बहिणीची बाजू लंगडी होते, आणि पुढे कधी ती त्याच्या हाती सापडली तर तुमच्या फटक्यांची वसुली तिच्याकडून होते.

मग हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. अहिंसेला तालीम लागते. जेम्स लॉसन या अमेरिकन मेथडिस्ट तरुणाने कोरियाच्या युद्धात जायला नकार दिला, त्यासाठी तुरुंगवास भोगला, आणि १९५३ मध्ये तो नागपूरला हिस्लॉप कॉलेजात आला. तिथे तीन वर्षं राहून त्याने सत्याग्रहाचा अभ्यास केला. परत गेल्यावर १९५९ मध्ये नॅशव्हिल शहरातल्या एका चर्चमध्ये त्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. तिथे विद्यार्थी एकमेकांना मुद्दाम शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली ओढत. डोकं कसं झाकायचं, मार खाणाऱ्या सोबत्याच्या आणि मारणाऱ्याच्या मध्ये स्वतःला कसं घालायचं, नजर कशी न हटवायची हे पुनःपुन्हा घोटून घेतलं जाई. १३ फेब्रुवारी १९६० ला ते दुकानांमधल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या टेबलांवर जाऊन बसले. मार खाल्ला, अटक झाली, आणि १० मे पासून शहरातल्या सहा दुकानांत त्यांना जेवण मिळू लागलं. वाईटाला त्यांनी अडवलं, अगदी अंगाने अडवलं, पण वाईटाच्या हत्याराने नाही.

तुमच्यासाठी याची तालीम अशी. बहिणीचं सामान आणायचं असेल तर मित्र नेऊ नका. संरक्षण अधिकाऱ्याला (कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) किंवा पोलिसांना सोबत मागा, शिवाय दोन वयस्कर माणसं, त्यातली एक बाई. काय बोलायचं ते आधी ठरवून दोन वाक्यांत बसवा आणि घरी मोठ्याने म्हणून बघा. तो शिवीगाळ करील हे धरूनच चला. दारात उत्तर देऊ नका. तुमच्यादेखत त्याने हात उचलला तर मध्ये पडा, हात धरा, तिला बाहेर काढा. एवढं बळ वापरावं की नाही यावर ख्रिस्ती परंपरांत मतभेद आहेत. मेनोनाइट या शांततावादी मंडळ्या फार सावध असतात. कॅथलिक शिकवण तर ज्याच्यावर दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी बचाव हे गंभीर कर्तव्य मानते. थांबवण्यापुरतं धरणं आणि धडा शिकवायला मारणं यांतला फरक मात्र सगळ्यांना मान्य आहे. तो खाली पडल्यावरची लाथ ही सुडाची असते.

आता बहिणीच्या सुरक्षिततेचं. तिला एकटीला, आईवडिलांसमोर नाही, विचारा: त्याने कधी गळा दाबला का? दाबला असेल तर मानेवर वळ नसला तरी लगेच डॉक्टरकडे न्या. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके ही आतल्या इजेची लक्षणं असू शकतात. आणि गळा दाबणारा माणूस पुढे जिवावर उठण्याचा धोका खूप मोठा असतो. सरकारी दवाखान्यात ‘पाय घसरला’ न सांगता खरं सांगून एमएलसी (पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, चर्चमधल्या लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, औषधं आणि दागिने ताब्यात असले पाहिजेत. लग्नाच्या दाखल्यासाठी नवऱ्याकडे जायची गरज नाही; चर्चच्या विवाह नोंदवहीचा उतारा मागता येतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ चा आहे आणि ख्रिस्ती स्त्रीला तो जसाच्या तसा लागू होतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल भरून घेता येतो. भावानेही माहिती दिली तर चालते. त्यानंतर कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागा. संरक्षण, राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. स्त्रियांना वकील मोफत मिळतो, १५१०० वर विचारा. महिलांसाठी मदत १८१ वर, आणि जिवाला धोका असेल तर ११२.

नवऱ्याला तुरुंगात घातलं तर प्रभू मला क्षमा करील का, हा प्रश्न अनेक ख्रिस्ती बायकांच्या मनात असतो. त्यांना एक गोष्ट नीट समजावून सांगा. या कायद्यातला संरक्षण आदेश शिक्षा देत नाही. तो नवऱ्याला सांगतो, थांब. आदेश मोडला तरच एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याला पापापासून अडवणं हे त्याच्यावरही केलेलं प्रेम आहे. इजा गंभीर असेल, जिवाला धोका असेल, तर फौजदारी तक्रार करणंही योग्यच आहे. ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जाळून मारलं गेलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं, आणि खटला मात्र पुढे चालत राहिला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १३ मे १९८१ ला त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याला चारच दिवसांनी क्षमा केली, १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन त्याचा हात हातात घेतला, आणि भेट संपल्यावर तो माणूस कोठडीतच राहिला.

कुटुंब कॅथलिक असेल तर फादरांना कॅथलिक चर्चच्या कायद्यातल्या कलमाची, कॅनन ११५३ ची, आठवण द्या: जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला वैध कारण आहे, आणि थांबण्यातच धोका असेल तर परवानगीची वाट न पाहता निघता येतं.

नवऱ्याचा पश्चात्ताप कसा ओळखायचा, यावर पंच सगळ्यांत जास्त फसतात. तो रडतो, गुडघे टेकतो, ‘सैतानाने करवलं’ म्हणतो, आणि सगळ्यांचे डोळे पाणावतात. पश्चात्ताप केलेला जकातदार जक्कय रडल्याचं लूक लिहीत नाही. त्याने आकडे सांगितले: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. योसेफ त्याला विकून टाकणाऱ्या भावांची बोलणी ऐकून बाजूला जाऊन रडला, म्हणजे मन केव्हाच विरघळलं होतं. तरी त्याने लगेच ओळख दिली नाही. धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवून त्याने बघितलं की हे पुन्हा धाकट्याला सोडून पळतात का. त्यांच्यातला यहूदा ‘त्याच्या जागी मला ठेवा’ म्हणाला तेव्हाच योसेफाने ओळख दिली.

मेहुण्याच्या बाबतीत हे असं बघा. काय केलं ते तो तारखेवार, ‘पण’ न लावता सांगतो का? ‘तीही उलट बोलते’ हे आलं की पश्चात्ताप अजून आलेला नाही. तो दारूचं कारण देत असेल तर विचारा, पिऊन साहेबाला कधी मारलंय का? दारू सोडवायलाच हवी, पण हात उचलणं हा वेगळा आजार आहे आणि त्याचं वेगळं काम करावं लागतं. खर्चाचे पैसे दर महिन्याला न मागता येतात का? मुलांच्या हाती निरोप पाठवणं, रात्री व्हॉट्सॲपवर विनवण्या करणं थांबलं का? आणि सगळ्यांत खरी कसोटी: ‘ती कधीच परत आली नाही तरी मला बदलायचंय’ हे तो मान्य करतो का? हे सलग वर्षभर तरी टिकलेलं दिसल्याशिवाय एकत्र राहण्याचा विषय काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन महिन्यांचं गोड वागणं हा मारहाणीच्या चक्राचाच एक भाग असतो. आणि वर्षभरानंतरही निर्णय बहिणीचा.

दावीद आणि शौलाची गोष्ट तिला वाचून दाखवा, १ शमुवेल २४. दावीदाच्या जिवावर उठलेला राजा शौल एन-गेदीच्या गुहेत हाती सापडला, दावीदाने त्याच्या झग्याचा फक्त काठ कापला. शौल मोठ्याने रडला, ‘तू माझ्याहून नीतिमान आहेस’ म्हणाला. अध्यायाची शेवटची ओवी बघा: शौल घरी गेला, आणि दावीद व त्याची माणसं गडावर चढून गेली. दावीदाने क्षमा केली आणि तो सोबत गेला नाही. दोन अध्यायांनंतर शौल पुन्हा तीन हजार माणसं घेऊन त्याच्या मागावर होता.

बहिणीच्या मनातल्या क्षमेची घाई कोणी करू नये. आधी तिला जे झालं ते पूर्ण सांगू द्या, मध्ये न तोडता. ‘काही नाही, झालं गेलं’ ही क्षमा नव्हे. अपराधाला अपराध म्हटल्याशिवाय क्षमा कशाची करणार? स्तोत्र ५५ तिच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तू माझ्या जवळचा माणूस. राग देवासमोर ओतायला शास्त्रात जागा आहे. पुढे कधीतरी ती म्हणू शकेल, ‘याचा हिशेब मी चुकवणार नाही, तो देवाकडे दिला.’ ती क्षमा. काही महिन्यांनी एखाद्या आवाजाने सगळं परत वर येईल आणि तिला वाटेल, आपण खोटं बोललो. तिला सांगा की त्याच एका जखमेची क्षमा पुन्हा करावी लागणं हेही सत्तर वेळांतच येतं. नवऱ्यासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर ‘प्रभू, त्याचा हात थांबव’ ही पूर्ण प्रार्थना आहे.

राहिली रविवारची बैठक. बहिणीला नेऊ नका. नवऱ्यासमोर ती खरं बोलू शकणार नाही, आणि बोलली तर त्याची किंमत नंतर मोजावी लागेल. तुम्ही आणि मंडळीतली एखादी जाणती बाई जा. पंचांपुढे मागण्या ठेवा: नवऱ्याशी पंचांनी वेगळं बसावं, तो कमिटीवर असेल किंवा गायन चालवत असेल तर तूर्त बाजूला व्हावा, बहिणीचा पत्ता आणि फोन कोणीही त्याला देऊ नये, बहिणीसाठी उपासनेची दुसरी वेळ मोकळी ठेवावी, आणि तिने न्यायालयात जावं की नाही यावर मंडळीने व्यासपीठावरून काही बोलू नये. ठरेल ते तारखेसह कागदावर लिहून पाळकांची सही घ्या. सही द्यायला नकार आला तरी सोमवारी सकाळी संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयात जायचं ठरलेलंच ठेवा, आणि जाताना एमएलसीच्या कागदाच्या दोन झेरॉक्स सोबत न्या.